‘एक बटण तर दाबायचं’ म्हणणाऱ्यांना

संगणक सुरू केल्यावर कीबोर्डच्या उजव्या बाजूचा आकड्यांचा पॅड आपोआप चालू झाला पाहिजे, अशी मागणी कुणी केली की संगणक विभागाकडून ठरलेलं उत्तर येतं : ‘नमलॉकचं एक बटण तर दाबायचं. त्यात काय एवढं?’ हे उत्तर सरकारी कचेऱ्यांत ऐकायला मिळतं, पतसंस्थांत मिळतं, कर सल्लागारांच्या ऑफिसात मिळतं. सॉफ्टवेअर लिहिणारी हुशार मुलंही तेच सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या स्वतःच्या कामात आकड्यांचा पॅड फारसा येत नाही, म्हणून त्यांना प्रश्न खरोखरच किरकोळ वाटतो. पण हे उत्तर साफ चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे, हे नीट सांगायला हवं, कारण ते देऊन हजारो लिपिक, कॅशिअर आणि डाटा एंट्री ऑपरेटर यांची बोळवण केली जाते आणि तेही गप्प बसतात.

आधी काम कसं चालतं ते बघू. तालुक्याच्या गावातली एखादी पतसंस्था घ्या. पिग्मीच्या याद्या, भरणा स्लिपा, व्हाउचरं अजूनही बऱ्याच ठिकाणी हातानं संगणकात चढवावी लागतात. एंट्रीला बसलेल्या बाईंचा डावा हात स्लिपांचा गठ्ठा उलटत असतो आणि उजवा आकड्यांच्या पॅडवर असतो. मधलं बोट पाचवर. त्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो न बघता बोटाला जागा सापडावी म्हणूनच. तर्जनीकडे १, ४, ७. अनामिकेकडे ३, ६, ९. अंगठा शून्यावर, करंगळी एंटरवर. डोळे कागदावर. प्रत्येक आकड्याला मान वर करून स्क्रीन बघायची नाही, हेच तर या कामातलं कसब. गठ्ठा संपला की एकदाच वर बघायचं आणि टोटलचा कागदाशी ताळा घ्यायचा.

अशा वेळी नमलॉक बंद असेल तर काय होतं? ‘त्यात काय एवढं’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असं चित्र असतं की आकडे उमटत नाहीत, माणसाच्या ते लक्षात येतं, तो बटण दाबतो आणि पुढे लागतो. या चित्रातच सगळी गफलत आहे. नमलॉक बंद असताना पॅडवरची बटणं मुकी नसतात. ती दुसरंच काम करतात. ४ कर्सर डावीकडे नेतो, ६ उजवीकडे, ८ वर, २ खाली. ७ म्हणजे होम, १ म्हणजे एंड, ९ म्हणजे पेज अप, ३ म्हणजे पेज डाउन, शून्य म्हणजे इन्सर्ट. आणि पैशांच्या आधी जे दशांशचिन्ह मारायचं असतं, ते बटण डिलीट होतं. रक्कम लिहिणाऱ्या माणसाच्या हाताखाली, प्रत्येक रकमेत एकदा दाबलं जाणारं बटण, पुसून टाकणारं बटण झालेलं असतं.

एक्सेलमध्ये हे करून बघा. खातेदारांची यादी आहे, तिसऱ्या रकान्यात खाते क्रमांक, चौथ्यात रक्कम. अठराव्या ओळीतली रक्कम चुकली आहे, तिथे ४२५०.५० करायचं आहे. कर्सर त्या चौकटीवर आणला, नमलॉक बंद आहे, आणि सवयीनं आकडा मारला. चारनं चौकट डावीकडे सरकली, म्हणजे खाते क्रमांकाच्या रकान्यात आली. दोननं एक ओळ खाली गेली. पाच आणि शून्यानं काही झालं नाही. दशांशचिन्हानं त्या चौकटीतला मजकूर पुसला. पुढच्या पाच-शून्यानं पुन्हा काही नाही. परिणाम काय? जी रक्कम दुरुस्त करायची होती ती चुकीचीच राहिली, आणि एकोणिसाव्या ओळीतल्या, ज्याचा या दुरुस्तीशी काडीचाही संबंध नाही अशा खातेदाराचा क्रमांक उडाला.

१२५.०० मारलं तर आणखी वाईट. एकानं एंड लागतं, त्यापाठोपाठ दोन दाबलं की एक्सेल त्या रकान्यातल्या भरलेल्या चौकटींच्या तळाशी उडी घेतं. मध्ये रिकामी ओळ नसेल तर तळाशी असते बेरीज. मग दशांशचिन्ह दाबलं जातं आणि बेरजेचं सूत्र पुसलं जातं. ऑनलाइन फॉर्मांमध्येही असे प्रकार होतात. अनेक फॉर्मांत आकड्याची चौकट अशी असते की वरचा बाण दाबला की आकडा एकानं वाढतो. रिकाम्या चौकटीत ८ मारायला जावं तर १ उमटतो. चौकट भरलेली दिसते, फॉर्म तक्रार करत नाही, सबमिट होतो.

हे लगेच लक्षात आलं तर परत आणता येतं, हे मान्य. पण लक्षात येणार कसं? काम करणाऱ्याचे डोळे कागदावर आहेत, आणि ते तिथेच असावेत अशीच त्या कामाची शिस्त आहे. मग संध्याकाळी टोटल जुळत नाही. शंभर स्लिपा पुन्हा काढून एकेक तपासाव्या लागतात. आणि शेवटी खापर फुटतं एंट्री करणाऱ्याच्या डोक्यावर, ‘लक्ष कुठे होतं?’ म्हणून.

माझा खरा मुद्दा इथे आहे. नमलॉक चालू असावा की बंद, हा निव्वळ आवडीनिवडीचा वाद नाही. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते, पण त्या दोन चुका सारख्या नाहीत. पॅड आकड्यांवर असताना एखाद्यानं बाण समजून ४ दाबला तर स्क्रीनवर ४ उमटतो. चूक जिथे झाली तिथेच, दिसेल अशी राहते. पॅड बाणांवर असताना आकडा मारला तर कर्सर निघून जातो, मजकूर पुसला जातो, आणि चूक भलत्याच जागी जाऊन बसते. पहिली चूक दिसते आणि मजकुरात भर घालते. दुसरी लपते आणि मजकूर नेते. ज्या यंत्राला सुरुवातीची एक अवस्था निवडायचीच आहे, त्यानं दिसणारी चूक निवडावी की लपणारी? हिशेबाच्या कामात चार दिवस काढलेला कुणीही माणूस याचं उत्तर क्षणात देईल.

पासवर्डच्या चौकटीत हाच त्रास दिवसाच्या पहिल्या मिनिटाला भेटतो. बऱ्याच जणांच्या पासवर्डच्या शेवटी आकडे असतात आणि ते पॅडवरूनच मारायची सवय असते. नमलॉक बंद असेल तर अक्षरं तेवढी जातात आणि आकड्यांच्या जागी कर्सर इकडे-तिकडे फिरतो. स्क्रीनवर फक्त ठिपके. ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं उत्तर येतं, माणूस तोच पासवर्ड तितक्याच खात्रीनं पुन्हा मारतो, आणि मोठ्या ऑफिसात ठरावीक चुकांनंतर खातं लॉक होतं. मग संगणक विभागाला फोन, तिकीट, वाट बघणं. काउंटरसमोर लोक उभे. पासवर्ड मुळात बरोबर होता.

‘दिवा बघायचा ना मग,’ असं यावर सांगतात. तर दिव्याचीच गोष्ट बघू. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती. बाणांची वेगळी बटणं नव्हती. आकड्यांच्या पॅडवरच बाण कोरलेले होते आणि एकाच बटणाकडून दोन कामं घेण्यासाठी नमलॉक होता. तो चालू आहे की बंद हे सांगणारा दिवा मात्र त्या कीबोर्डवर नव्हता. ही चूक आहे हे लवकरच कळलं आणि १९८४च्या एटी कीबोर्डवर नमलॉक, कॅप्सलॉक आणि स्क्रोललॉक असे तीन दिवे आले. आज काय स्थिती आहे? बाजारातल्या कित्येक बिनवायरी कीबोर्डांवर बॅटरी वाचवण्यासाठी हे दिवे काढून टाकलेत. अनेक लॅपटॉपवरही नमलॉकचा दिवा नसतो. म्हणजे एकीकडे दिवा काढून घ्यायचा आणि दुसरीकडे ‘दिवा बघा’ म्हणून सांगायचं. हा सल्ला कुणाच्या कामाचा?

त्याच इतिहासात याहून मोठी गोष्ट आहे. १९८५-८६च्या सुमारास आयबीएमनं १०१ बटणांचा कीबोर्ड आणला. आज आपण वापरतो त्या मोठ्या कीबोर्डचा तोच मूळपुरुष. त्यात बाणांची चार बटणं स्वतंत्र झाली, होम-एंड, पेज अप-पेज डाउन, इन्सर्ट-डिलीट यांनाही स्वतःची जागा मिळाली. त्या दिवसापासून आकड्यांच्या पॅडनं बाणांचं काम करण्याचं कारण बहुसंख्य लोकांसाठी उरलं नाही. कीबोर्ड बनवणाऱ्यांना हे कळत होतं. म्हणूनच त्यानंतरच्या डेस्कटॉप संगणकांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू होतानाच नमलॉक चालू करण्याची सोय आली. बायोसच्या पडद्यावर ‘बूटअप नमलॉक स्टेटस’ अशी ओळ दिसते ती हीच. १९९३च्या एमएस-डॉस ६ मध्येसुद्धा कॉन्फिग डॉट सिस या फायलीत नमलॉक चालू की बंद, एवढी एक ओळ लिहिली की काम भागत असे.

मग आज अडचण कुठे आहे? अडचण अशी की सुरुवातीची अवस्था ठरवणारे मालक एकाहून अधिक झालेत आणि कुणी कुणाचं ऐकत नाही.

बटण दाबल्यावर आत काय घडतं हे एकदा समजून घ्यावं, कारण ‘हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे’ असंही ऐकवलं जातं. कीबोर्डला स्वतःला नमलॉक चालू आहे की बंद हे ठाऊकच नसतं. तुम्ही पॅडवरचं ७ दाबलं की कीबोर्ड फक्त ‘अमुक क्रमांकाचं बटण दाबलं’ एवढंच कळवतो. त्याचा अर्थ सात घ्यायचा की होम, हे संगणक ठरवतो, स्मृतीतल्या एका बिटाकडे बघून. जुन्या पीसीत तर ती जागाही पक्की होती : बायोसच्या माहितीच्या भागातला एक बाइट आणि त्यातला एक बिट. दिवासुद्धा कीबोर्ड आपणहून लावत नाही, संगणक हुकूम देतो तेव्हा लागतो. म्हणजे हा सगळा वाद एका बिटाचा आहे. तो सुरुवातीला एक ठेवायचा की शून्य, एवढंच. यात अवघड काही नाही. काम करणाऱ्याला काय हवं ते विचारायचं आणि पाळायचं, एवढाच भाग राहून गेलाय.

बायोस तो बिट एक करतं. मग विंडोज सुरू होते आणि आपल्या नोंदवहीप्रमाणे, म्हणजे रजिस्ट्रीप्रमाणे, तो पुन्हा ठरवते. लॉगिनच्या पडद्यासाठी एक नोंद असते, ती ‘डीफॉल्ट’ नावाच्या वापरकर्त्याच्या नावावर. लॉगिन झाल्यावर तुमच्या स्वतःच्या खात्यातली दुसरी. दोन्हीकडे कंट्रोल पॅनल, त्याखाली कीबोर्ड, आणि तिथे ‘इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स’ नावाची किंमत. जुन्या विंडोजमध्ये तिथे २ लिहिलं की नमलॉक चालू, ० लिहिलं की बंद. नव्या विंडोजमध्ये तिथे बहुधा २१४७४८३६४८ असा दहा आकडी क्रमांक सापडतो, आणि तो २१४७४८३६५० केला की नमलॉक चालू होतो. फरक तोच जुना दोनचा. पण सेटिंग्जमध्ये ‘सुरू होताना आकड्यांचा पॅड चालू ठेवा’ असं साध्या भाषेतलं एक खूण करायचं चौकोनी घर देण्याऐवजी कोट्यवधी लोकांना दहा आकडी क्रमांकांच्या मागे लावलं आहे.

त्यात २०१२च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. यात संगणक बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही. आतली बरीचशी स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्यामुळे रजिस्ट्रीत केलेला बदल अनेकदा ‘रीस्टार्ट’ केल्यावर दिसतो आणि रात्री बंद करून सकाळी चालू केल्यावर दिसत नाही. लोकांनी मग स्वतःच उपाय शोधले : लॉगिनच्या पडद्यावर नमलॉक दाबायचा आणि आत न जाता तिथूनच रीस्टार्ट द्यायचा. कित्येक यंत्रांवर हे चालतं. पण उपाय कानोकानी पसरावा लागतो, याचाच अर्थ बनवणाऱ्यानं आपलं काम केलेलं नाही.

हे सगळं अटळ आहे असंही नाही. ॲपलच्या मोठ्या कीबोर्डवर नमलॉकच्या जागी ‘क्लिअर’ असतं आणि पॅड कायम आकडेच देतो. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये सरळ तीन पर्याय आहेत : सुरू होताना चालू करा, बंद करा, किंवा आहे तसं राहू द्या. लॉगिनच्या पडद्यासाठी तिथल्या एसडीडीएम या प्रोग्रामच्या फायलीत एक ओळ लिहिता येते. अर्थात लिनक्सचीही फार पाठ थोपटायला नको. वर्षानुवर्षं तिथे ‘नमलॉकएक्स’ नावाचा छोटा प्रोग्राम वेगळा बसवावा लागायचा, आणि वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था आल्यावर तोही निरुपयोगी झाला. प्रत्येक डेस्कटॉपनं पुन्हा आपापली सोय केली. तरी निदान केडीईनं प्रश्न विचारण्याजोगा आहे हे मानलं आणि वापरणाऱ्याला विचारलं. माझी मागणी यापेक्षा जास्त नाही.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. ते म्हणतात, लॅपटॉपचं काय? मुद्दा खरा आहे. पूर्वीच्या लहान लॅपटॉपवर वेगळा पॅड नव्हता, तेव्हा आकडे अक्षरांच्या बटणांवरच बसवलेले असत. यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६; जे, के, एल म्हणजे १, २, ३; एम म्हणजे शून्य. अशा यंत्रावर नमलॉक चालू राहिला तर नाव लिहितानाच आकडे पडणार, आणि पासवर्डच्या चौकटीत ते दिसणारही नाहीत. अशा यंत्रावर नमलॉक बंद असणंच योग्य होतं. यात वाद नाही.

पण हे कारण ज्या यंत्रांचं होतं ती यंत्रं आता जवळजवळ दिसत नाहीत. आजच्या बहुतेक छोट्या लॅपटॉपवर अक्षरांवर बसवलेला पॅडच नसतो, आणि सोळा इंचांच्या आसपासच्या अनेक लॅपटॉपवर पूर्ण, स्वतंत्र पॅड असतो. ज्या लॅपटॉपला पॅड नाही त्याला नमलॉक चालू असल्यानं काहीच होत नाही. ज्याला स्वतंत्र पॅड आहे त्याला तो चालूच हवा. उरतो तो फक्त जुना, अक्षरांवर पॅड असलेला लॅपटॉप. त्याच्यासाठी अपवाद करा. यंत्र कुठलं आहे हे ते बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असतं. कंपनीनं बायोसमध्ये ते लिहावं, विंडोजनं वाचावं. मूठभर जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी टेबलावर १०४ बटणांचा कीबोर्ड घेऊन बसलेल्या माणसाला दर सकाळी अंधारात का ठेवायचं?

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो संगणक विभागाकडून क्वचितच येतो, कारण त्यांना तो बहुतेकदा माहीतच नसतो. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरून काम करतात. एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर भारतात खूप वापरला जातो. त्याच्या डेस्कटॉप मांडणीत पडद्यावरचा मजकूर ओळीनं, शब्दानं, अक्षरानं वाचून घेण्याचे हुकूम आकड्यांच्या पॅडवरच असतात, आणि ते नमलॉक बंद असतानाच चालतात. पॅड आकड्यांवर गेला तर त्यांच्या हातातलं वाचण्याचं साधनच जातं. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेली काही माणसं पॅडनं माऊसचा बाण फिरवतात, त्यांचंही नमलॉकशी नातं वेगळं असतं.

या लोकांसाठी बंद नमलॉक ही गरज आहे, आणि माझ्या मागणीनं त्यांच्यावर अन्याय होणार असेल तर ती मागणी मी या क्षणी मागे घेईन. पण होतं काय ते नीट पाहा. आजची व्यवस्था अंध कर्मचाऱ्यालाही खात्री देत नाही. बायोसनं चालू केला, दुसऱ्या पाळीतल्या कुणी दाबला, फास्ट स्टार्टअपनं जुनी स्थिती उचलली, की त्याचीही सकाळ बिघडते. त्यालाही ‘एक बटण तर दाबायचं’ हेच ऐकावं लागतं. म्हणजे हिशेबनीस आणि अंध कर्मचारी एकमेकांच्या विरुद्ध उभे नाहीत. दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे : मी एकदा सांगितलेलं यंत्रानं लॉगिनच्या पडद्यापासून पाळावं. मूळ अवस्था बहुसंख्यांच्या कामाची असावी, आणि ज्याला वेगळी हवी त्याला ती दोन क्लिकमध्ये मिळावी आणि कायम टिकावी.

काही जण मधला मार्ग सुचवतात : संगणकानं मागच्या वेळची अवस्था लक्षात ठेवावी, जशी सोडली तशी पुन्हा द्यावी. ऐकायला हे समंजस वाटतं. घरी, एकाच माणसाच्या संगणकावर ते चालेलही. पण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत एकाच लॉगिनवर चार-चार माणसं काम करतात. आदल्या संध्याकाळी कुणीतरी चुकून, बॅकस्पेसकडे जाताना, नमलॉकला हात लावला आणि संगणक बंद केला, तर यंत्र ती चूक इमानानं जपून ठेवतं आणि सकाळी पहिल्याच्या पदरात टाकतं. सुरुवातीची अवस्था ठरलेली असण्यातच तिचा उपयोग आहे. दर सकाळी ती तीच असेल तर बोटांना बघावं लागत नाही.

‘आकड्यांचा पॅडच आता कालबाह्य झालाय, सगळं मोबाइलवर गेलं’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा सेवा केंद्राच्या खिडकीशी उभं राहावं. एका अर्जदारामागे आधारचे १२ आकडे, मोबाइलचे १०, पिनकोडचे ६, हे झाले २८. त्यावर बँक खात्याचा क्रमांक, जन्मतारीख, उत्पन्नाचा आकडा, जमीन असेल तर गट क्रमांक आणि हेक्टर-आरमधलं क्षेत्र, तेही दशांशात. रांगेतल्या प्रत्येकासाठी हे सगळं पहिल्यापासून. वरच्या ओळीतले आकडे दोन्ही हातांनी शोधत मारायला सांगणाऱ्यानं ते काम एक दिवस करून बघावं.

शेवटचा अडथळा यंत्राचा नाही, अधिकाराचा आहे. ज्या बाईंना हा त्रास रोज होतो, त्यांच्या हातात तो दूर करण्याचा हक्क नसतो. लॉगिनच्या पडद्याची नोंद बदलायला ॲडमिन हक्क लागतात, बायोसला पासवर्ड असतो, आणि ते असणं सुरक्षिततेच्या दृष्टीनं योग्यच आहे. पण मग ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्यावर जबाबदारीही येते. कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि वर ‘बटण दाबत बसा’ हा उपदेशही तुमचाच, असं चालणार नाही. ज्याला एका ग्रुप पॉलिसीनं दोनशे यंत्रं अर्ध्या तासात दुरुस्त करता येतात, त्यानं दोनशे माणसांना दररोज दिवा तपासायला सांगणं हा निव्वळ आळस आहे. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

म्हणून संगणक विभाग सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी नवी यंत्रं येतील तेव्हा ती वाटण्याआधी बायोसमध्ये बूटअप नमलॉक चालू करा. रजिस्ट्रीतल्या दोन्ही नोंदी, लॉगिनची आणि वापरकर्त्याची, एकाच धोरणानं बदला. मग यंत्र रीस्टार्ट करून नव्हे, रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी तपासा. टिकत नसेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यानं सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, लागू द्या. कीबोर्ड खरेदीच्या निविदेत नमलॉकचा दिवा असलाच पाहिजे अशी अट घाला. आणि यातलं काहीही करण्याआधी ऑफिसात स्क्रीन रीडर वापरणारे कुणी आहेत का ते विचारा. असतील तर त्यांचं यंत्र त्यांना हवं तसं ठेवा, आणि ते तसंच राहील याची खात्री त्यांच्याशेजारी बसून करून घ्या.